चार्जिंगचा दिवा विझला आणि मी १७,५५० रुपये देऊन बसलो

हे लिहिताना लाज वाटतेय. तरी लिहितोय, कारण मला फसवणारा तो गॅरेजवाला आजही तिथेच बसून जुन्या गाड्या दुरुस्तीला घेतोय.

वडिलांची १९८८ ची प्रीमियर पद्मिनी मोटार माझ्याकडे आहे. डायनामो काढून अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करतो आणि बॅटरी चार्ज करतो तो) त्यांनीच बसवून घेतला होता. गेल्या महिन्यात गाडी चालू असताना चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायला लागला. हेडलाइट लावले की ठळक व्हायचा, आणि सकाळी पट्टा चिरकायचा. नेहमीचे इलेक्ट्रिशियन काका गावी गेलेले, आईचं डोळ्याचं ऑपरेशन दोन दिवसांवर. म्हणून ठाण्यातल्या वागळे इस्टेटकडच्या एका गॅरेजात गेलो. घाईत होतो, नाहीतर अनोळखी माणसाच्या हाती ही गाडी मी दिली नसती.

त्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीची टर्मिनल काढली. गाडी बंद पडली. "बघा साहेब, अल्टरनेटर गेला." हा प्रयोग कुणालाही करू देऊ नका. धडधाकट अल्टरनेटरच्या आतले डायोडसुद्धा (करंट एकाच दिशेने सोडणारे भाग) त्याने उडतात. मीटर लावायला सांगा: बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट, चालू गाडीत १३.८ ते १४.४. मीटर नसेल तर तिथून निघा.

बिल असं: 'नवा' अल्टरनेटर ९,८००, बॅटरी ४,९००, वायरिंग १,३५०, मजुरी १,५००. जुन्या बॅटरीचे पैसे वळते केले नाहीतच. जुना अल्टरनेटर मागितला तर म्हणाला, भंगारात गेला.

आता ज्या क्षणाचा मला रोज संताप येतो तो. गाडी घ्यायला गेलो, चावी फिरवली, सेल्फ मारायच्या आधी ऑइलचा दिवा लागला. चार्जिंगचा लागलाच नाही. इंजिन बंद असताना चावी दिली की तो लागलाच पाहिजे, त्याच दिव्यातून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. हे मला वडिलांनी शिकवलंय. माझी नजर त्या काळ्या काचेवर दोन-तीन सेकंद होती. आणि मला वाटलं, चला, दिवा गेला, काम झालं. दिवा गेला म्हणजे दोष गेला असं नसतं हो! त्या घडीला खाली उतरून बॉनेट उघडलं असतं तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं.

आठव्या दिवशी रात्री घोडबंदर रोडवर, पावसात, वायपर आणि हेडलाइट चालू असताना गाडी मेली. आई मागे बसलेली, डोळ्याला पट्टी. टोचनचे २,२०० वेगळे गेले.

काका गावाहून आले. त्यांनी डॅशमागची दिव्याची वायर काढून दाखवली: कापून वर टेप. हेच ते १,३५० चं वायरिंग. मग अल्टरनेटरवरचा चंदेरी रंग खरवडला. खाली वडिलांनी वेल्ड करून घेतलेला कान (अल्टरनेटर इंजिनला बोल्टने जिथे धरतो तो भाग) निघाला, आणि तो वेल्ड परत तडकलेला. म्हणजे माझाच अल्टरनेटर रंगवून मला विकला! कान हलायचा म्हणून पट्टा ढिला पडायचा, एवढाच दोष. वेल्डिंग ४००, पट्टा ४५०. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून बघा, अर्ध्या इंचाच्या फार पुढे गेला तर आधी तो ताणून घ्या.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "गाडी तुम्हीच दिली, पैसे तुम्हीच दिले, यात गुन्हा कुठला? दिवाणी बाब आहे." भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, असं सांगितल्यावर साहेब उठून चहाला गेले. दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणे गाडी जिथे बंद पडली तिथली हद्द बघा. तिथे गेलो तर, पैसे जिथे दिले तिथे जा! तीन फेऱ्या, तीन अर्ध्या रजा, आणि अर्जाची पोच एकाही ठिकाणी नाही. आरटीओत सांगितलं, खासगी गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग येतं कुणाकडे? ज्या क्यूआर कोडवर मी पैसे दिले, त्यावरचं नावही दुसऱ्याच कुणाचं निघालं. स्कॅन केल्यावर नाव वाचा. मी वाचलं नाही. कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका, जीएसटीचं बिल मागा. आणि काढलेला पार्ट काम सुरू व्हायच्या आधीच 'परत हवा' म्हणून सांगा, त्यावर खूण करून ठेवा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. कापलेली वायर, खरवडलेल्या कानाचे फोटो आणि ती चिठ्ठी घेऊन सोमवारी जातोय. याच भागात असंच कुणाचं झालं असेल तर मला कळवा, तुमची चिठ्ठीही सोबत जोडतो.