मेक, सीमेक का मेसन? टर्मिनलवर बिल्ड शिकायला बसलेल्या आपल्याकडच्या पोरांसाठी

लातूर, नांदेड, परभणीकडची पोरं सारखी विचारायलेत की दादा, सी प्लस प्लस शिकायलो, एका फाइलच्या आता पाच फाइली झाल्या, दरवेळी जीसीसी या कंपायलरची लांबलचक कमांड टाइप करून कंटाळा आला, मग मेक शिकू, सीमेक शिकू का ते मेसन घेऊ. ही तिन्ही बिल्डची टूलं, म्हणजे अनेक फाइलींपासून एक प्रोग्राम बनवायला लागणारी. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. घाईत असाल तर माझं मत आधीच घ्या: पहिले दोन दिवस मेकफाइल (मेकला काय कसं बनवायचं ते सांगणारी फाइल) स्वतःच्या हातानं लिहा, मग प्रोजेक्टला सीमेक लावा. वापरायला मला स्वतःला मेसन जास्त आवडतं, तरी नव्या माणसाला सीमेकच सांगतो, का ते खाली येतंय.

आधी मेक. हे १९७६ चं आहे, बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमननं लिहिलेलं, आणि त्याचा विचार एका ओळीचा आहे: ही फाइल कशापासून बनते ते सांगा, ती कशी बनवायची ते सांगा, बाकी कोणती फाइल कोणत्यापेक्षा नवीन आहे ते मी तारीख-वेळ बघून ठरवतो. बस. उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल टाकलं की कंपायलरसोबत मेक येतंच, वेगळं काही डाउनलोड नाही, नेट नसलेल्या गावातही काम चालू राहतं.

पहिल्या दिवशी सगळे अडकतात ते टॅबवर. नियमाच्या खालची कमांडची ओळ टॅबनंच सुरू झाली पाहिजे, तुमच्या एडिटरनं टॅबच्या जागी चार स्पेस टाकल्या की 'मिसिंग सेपरेटर' म्हणून थांबतं आणि डोळ्याला तर दोन्ही सारखंच दिसतं. फेल्डमनला ही गोष्ट लवकरच खटकली होती, पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडायच्या नाहीत म्हणून टॅब तसाच राहिला, तो आजपर्यंत. एडिटरमध्ये मेकफाइलपुरती टॅबची सेटिंग करून घ्या.

पण मेकची खरी अडचण वेगळी आहे आणि ती मला चांगलीच भोवली. मी एक छोटा प्रोग्राम केला होता, मोंढ्यात आडतीवर सोयाबीन घातल्यावर जी हिशोबाची पट्टी मिळते ती छापणारा. मेन, हिशोब आणि पट्टी अशा तीन सी फाइली आणि एक हेडर, हेडरमधल्या स्ट्रक्टमध्ये आधी वजन, मग भाव. एक दिवस त्या दोघांच्या मधोमध तोलाई घातली, मेन आणि हिशोबमध्ये त्याप्रमाणं बदल केले, मेक मारलं, एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि पट्टीवर सोयाबीनचा भाव छापून आला क्विंटलला ८ रुपये! दोन तास मी गुणाकार तपासत बसलो. गुणाकारात काहीच चूक नव्हती. पट्टीच्या फाइलीला मी हात लावला नव्हता, म्हणून मेकनं तिची जुनीच ऑब्जेक्ट फाइल (आधी कंपाइल होऊन पडलेली) जोडली, आणि त्या जुन्या कोडच्या हिशोबानं वजनानंतर भावच असतो, पण तिथं आता तोलाईचे ८ रुपये बसलेले. पट्टी हेडरवर अवलंबून आहे हे मेकफाइलीत मी लिहिलंच नव्हतं, मग मेकला कळणार कसं.

याला उपाय आहे, जीसीसीला 'डॅश एमएमडी' (कॅपिटल अक्षरांत) दिलं की कोण कोणाचं हेडर वापरतं त्याची यादी तो स्वतः लिहून देतो आणि ती मेकफाइलीत इन्क्लूड करायची. पण हे तुम्हाला माहीत असायला लागतं. सीमेक आणि मेसन हे काम न सांगता करतात, आणि माझ्या मते दोन दिवसांनंतर मेक सोडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. तरी आधी मेक लिहा असं का म्हणतो, तर ८ रुपयांचा भाव एकदा बघितलेल्या माणसाला डिपेंडन्सी म्हणजे काय ते परत समजवावं लागत नाही.

अजून एक, आपल्याकडचं खास. लॅबमधल्या जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, लाइट गेली की घड्याळ मागं जातं, आणि मेकचा सगळा भरवसा वेळेवर. मग 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' अशी वॉर्निंग येते. ती आली की पहिलं घड्याळ नीट करा, मग क्लीन करून (बनलेल्या फाइली पुसून) पुन्हा बिल्ड करा. लाइट बिल्ड चालू असतानाच गेली असेल तरी क्लीनच करा, कारण अर्धवट लिहिलेली फाइल वेळेनं नवीन दिसते. आणि एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल करायला 'डॅश जे' देताना पुढं आकडा द्या, दोन किंवा चार. नुसतं 'डॅश जे' दिलं तर मेक मर्यादाच ठेवत नाही, मोठ्या प्रोजेक्टला ४ जीबी रॅमचा लॅपटॉप गोठून जातो.

आता सीमेक. किटवेअर कंपनीनं २००० मध्ये सुरू केलेलं. हे स्वतः बिल्ड करत नाही, लिनक्सवर मेकफाइल किंवा निन्जाची (हे मेकसारखंच दुसरं बिल्ड टूल) फाइल बनवून देतं, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट बनवून देतं. म्हणून पायऱ्या दोन: आधी कॉन्फिगर, मग बिल्ड. कॉन्फिगर करताना 'डॅश बी बिल्ड' (बी कॅपिटल) द्यायचंच, म्हणजे सगळा पसारा बिल्ड नावाच्या फोल्डरात राहतो आणि काही बिघडलं तर ते फोल्डर उडवून पुन्हा सुरू करता येतं. भाषा मात्र विचित्र आहे, लपवत नाही. त्यात नेटवरचे धडे लय जुने, सुरुवातीच्या ओळीत किमान आवृत्ती २.८ लिहिलेले, आणि २०२५ मध्ये आलेलं सीमेक ४.० हे ३.५ च्या खालचं काही चालवून घेत नाही, तिथंच थांबतं. धडा निवडताना ती एक ओळ बघा आणि टार्गेटवर (म्हणजे जो प्रोग्राम किंवा लायब्ररी बनवायची तिच्यावर) सगळं लावायला शिकवणाराच घ्या. बिल्ड टाइपही (डीबग का रिलीज ते) स्वतः द्या, कारण मेकफाइल किंवा निन्जासोबत काही दिलं नाही तर सहसा डीबगची माहितीही मिळत नाही आणि ऑप्टिमायझेशनही नाही.

मेसन इथं सरळ वागतं, मुळातच डीबग धरून चालतं. २०१३ पासूनचं, पायथॉनमध्ये लिहिलेलं, खाली निन्जा चालतो. आडतीचा तोच प्रोग्राम मेसनमध्ये दोन ओळींत झाला, एक प्रोजेक्टची, एक एक्झिक्युटेबलची, आणि वाचणाऱ्याला न विचारता कळतं. सोर्सच्या फोल्डरात बिल्ड करू म्हटलं तर ते करूच देत नाही. लिनक्सच्या सर्व्हिस सुरू करणारं सिस्टमडी आणि जीनोम डेस्कटॉप यांसारखी मोठी कामं यावर चालतात, त्यामुळं लिनक्सच्या ओपन सोर्समध्ये पडायचं असेल तर मेसन आत्ताच घ्या, माझी अजिबात हरकत नाही.

मग सीमेक का? कारण पुण्याला नोकरीला गेलात, रोबोटिक्सचं आरओएस उघडलं, चित्रं ओळखण्याची ओपनसीव्ही लायब्ररी किंवा खिडक्या-बटणांचं क्यूट सोर्सपासून बनवायला घेतलं, तर समोर सीमेकचीच फाइल येणार आहे. आणि वर्गातल्या अर्ध्या पोरांकडं विंडोज असतं, त्यांच्यासोबत प्रोजेक्ट करायचा तर एकच फाइल दोन्हीकडं चालते.

बेझल या बिल्ड टूलचंही विचारतात, गूगलनं २०१५ मध्ये खुलं केलेलं. ते वेळ न बघता फाइलीतला मजकूरच तपासतं, विचार फार पक्का आहे, पण ते हजारो फाइली आणि मोठ्या टीमसाठी आहे, पाच फाइलींना घेऊ नका. निन्जाची फाइल हातानं लिहायला तर बसूच नका, ती दुसऱ्या टूलनं बनवायची असंच धरून तो केलाय.

विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यात उबुंटू घ्या, पहिले दोन दिवस तिथं मेकवर काढा, तीन फाइली आणि एक हेडर पुरे. हेडरमध्ये मुद्दाम मधेच एक फील्ड घाला, एकाच फाइलीत बदल करून मेक मारा आणि काय छापून येतं ते बघा.