'लाइफ इज स्ट्रेंज' की 'स्टाइन्स गेट': आधी कोणता खेळावा?

मागे जाऊन घडलेलं बदलता आलं तर, या कल्पनेवरचे हे दोन गेम मला फार जवळचे आहेत. 'लाइफ इज स्ट्रेंज' पॅरिसच्या डोंटनॉड या गेम-स्टुडिओचा, २०१५ मध्ये पाच भागांत आलेला. 'स्टाइन्स गेट' जपानी, २००९ चा. दोन्ही उत्तम आहेत, पण एकाला आवडला तो दुसऱ्याला झेपेलच असं नाही.

'लाइफ इज स्ट्रेंज'मध्ये काळ तुमच्या हातात असतो. ओरेगनमधल्या आर्केडिया बे या गावात फोटोग्राफी शिकणाऱ्या मॅक्सला वेळ थोडा मागे फिरवता येतो. बटण दाबून धरलं की समोरचं दृश्य उलटं धावतं, पण मॅक्स आहे तिथेच राहते आणि उचललेली वस्तूही तिच्याकडेच राहते. या एका नियमातून गेमनं काय काय काढलंय! तिसऱ्या भागात मुख्याध्यापकांच्या खोलीला कुलूप असतं. स्फोटानं दार उडवायचं, आत शिरायचं आणि आतूनच वेळ मागे न्यायचा. दार पुन्हा धड, मॅक्स मात्र आत. मग शांतपणे कडी काढून बाहेर उभ्या असलेल्या क्लोई या मैत्रिणीला आत घ्यायचं.

संभाषणातही तेच. एक उत्तर द्या, समोरच्याचा चेहरा बघा, मागे या, दुसरं देऊन बघा. लगेच होणारा परिणाम दिसतो, लांबचा दिसत नाही, म्हणून सगळं हातात असूनही निवड सोपी होत नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी तर ही शक्ती नेमकी हवी तेव्हाच दगा देते आणि तोवर आजूबाजूच्या माणसांकडे किती लक्ष दिलं होतं, एवढंच कामी येतं. तिथे छळ आणि आत्महत्येचा विषय येतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. उणीव म्हणाल तर त्याच भागातलं भंगाराच्या आवारात बाटल्या शोधणं अगदीच कंटाळवाणं आहे.

'स्टाइन्स गेट' मुळात वाचायचा गेम आहे. चित्रं, जपानी आवाज आणि इंग्रजी मजकूर, तोही तीसेक तासांचा. २०१० च्या उन्हाळ्यात टोकियोच्या अकिहाबारात ओकाबे आणि त्याच्या मित्रांना कळतं, की मायक्रोवेव्हला मोबाइल जोडून केलेल्या त्यांच्या यंत्रातून भूतकाळात मेसेज जातो. मर्यादा फक्त ३६ बाइटची. एवढ्याशा मजकुरात भूतकाळातल्या माणसाला काय सांगणार? शब्दांची ही कंजुषी मला कुठल्याही कालयंत्रापेक्षा खरी वाटते. शिवाय २००० च्या सुमारास इंटरनेटवर 'मी २०३६ मधून आलोय' म्हणणाऱ्या जॉन टायटरचा प्रकार यात इतका बेमालूम मिसळलाय, की खरं कुठे संपतं ते कळत नाही.

तुमच्या हातात उरतो तो ओकाबेचा फोन. आलेल्या मेसेजमधला कुठला शब्द निवडून उत्तर द्यायचं, फोन उचलायचा की वाजू द्यायचा, यावर सहापैकी कोणता शेवट मिळणार ते ठरतं. पहिला अर्धा भाग संथ आहे आणि मुलींवरचे काही विनोद मला अजिबात रुचले नाहीत. पण तिथली रिकामी बडबड सोसा. दुसऱ्या अर्ध्यात ती माणसं घरची झालेली असतात, आणि म्हणूनच पुढचं सगळं इतकं लागतं.

कथाप्रधान गेम पहिल्यांदाच घेत असाल, किंवा आठवडाभराच्या संध्याकाळीच मोकळ्या असतील, तर 'लाइफ इज स्ट्रेंज' घ्या. त्याचा पहिला भाग फुकट मिळतो, तो खेळून ठरवा. जाड कादंबऱ्या सवयीच्या असतील तर सरळ 'स्टाइन्स गेट'. माझं स्वतःचं मत विचाराल तर कथा म्हणून तोच वरचढ आहे. फक्त प्रत्येक मेसेजला उत्तर देण्याआधी वेगळा सेव्ह ठेवा आणि ओकाबेच्या मित्रमंडळीतल्या कुरिसू या मुलीच्या मेसेजकडे दुर्लक्ष करू नका, कारण खऱ्या शेवटाची वाट तिथूनच जाते.