सर्व्हर बदलाच्या नावाखाली ॲपची चावीच पळवली

ऑनलाइन सेवेवर ब्लॉक जोडून ॲप बनवणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा. खास करून तुमची सेवा सध्या सर्व्हर बदलत असेल तर.

आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रासाठी माझ्या धाकट्या भावाने असंच एक ॲप केलं होतं. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) टाकलं की दर निघायचा आणि दहा दिवसांचा पगार तयार व्हायचा. प्ले स्टोअरवर नव्हतं, एपीके फाइल (ॲप थेट फोनमध्ये बसवायची फाइल) केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली. ज्या सेवेवर ते बनवलं, तिने नवीन होस्टिंगवर जात असल्याचं रीतसर कळवलं. ते खरंच होतं आणि नेमका त्याचाच फायदा घेतला गेला.

भावाला फोन आला. "सर, मायग्रेशन टीममधून बोलतोय. तुमचे प्रोजेक्ट यादीत राहून गेलेत, मुदत संपली की डिलीट होतील. फी भरा आणि लॉगिन द्या. कीस्टोअर वगैरे आम्हीच काढून घेतो." सेवेचं नाव, प्रोजेक्टचं नाव सगळं बरोबर सांगत होता. भावाने फी भरली, लॉगिनही दिलं. पैसे गेले आणि नंबर बंद झाला. पण पैशाचं दुःख नाही, खरा घाव पुढे बसला.

अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपवर डिजिटल सही असते आणि ती कीस्टोअर फाइलमधल्या चावीने होते. पॅकेजचं नाव (फोन ॲपला ज्या आतल्या नावाने ओळखतो ते) तेच आणि सहीही तीच असेल, तर फोन नवीन ॲपला जुन्याचा अपडेट मानतो आणि आतला डेटाही तसाच ठेवतो. सही वेगळी असेल तर इन्स्टॉलच होऊ देत नाही. म्हणजे कीस्टोअर देणं हे कोऱ्या चेकवर सही करून देण्यासारखं आहे.

उत्पादकांची यादी मोबाइल नंबरसकट सीएसव्ही फाइलमध्ये प्रोजेक्टमध्येच होती. त्या नंबरांवर 'केंद्राचं नवीन व्हर्जन' म्हणून एपीके गेली. बसवली की जुन्या नोंदी जागच्या जागी, मग कोण शंका घेणार? फरक एवढाच, की ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागत होतं. आमच्या शेजारच्या मावशींनी केंद्रावर येऊन विचारलं, "दुधाच्या हिशोबाला माझे मेसेज कशाला लागतात रे?" तेव्हा आम्हाला कळलं. तोवर काहींनी परवानगी देऊन टाकली होती आणि एकाच्या खात्यातून ओटीपीवर पैसे गेले. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली.

खरं स्थलांतर कसं होतं ते सांगतो. ॲप इन्व्हेंटर ही अशीच ब्लॉक जोडून ॲप बनवायची सेवा, आधी गुगलची होती. 2011 च्या अखेरीस गुगलने ते बंद केलं आणि 2012 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने आपल्या सर्व्हरवर सगळ्यांसाठी खुलं केलं. लोकांनी आपापले प्रोजेक्ट गुगलवरून उतरवून घेतले आणि तिकडे चढवले. फी नाही, मधला माणूस नाही. आजही त्या धाटणीच्या सेवांमध्ये 'प्रोजेक्ट्स' मेनूतून एआयए फाइल, म्हणजे अख्ख्या प्रोजेक्टची प्रत, दोन क्लिकमध्ये उतरते. तिच्यात स्क्रीन, ब्लॉक, चित्रं, जोडलेल्या फाइली येतात. कीस्टोअर त्यात येत नाही, ते त्याच मेनूतून वेगळं उतरवावं लागतं. ते पेनड्राइव्हवर ठेवा, कुणाला पाठवू नका. क्लाउड डीबीतला (ऑनलाइन साठवलेला) डेटाही एआयएमध्ये नसतो, त्याची सोय वेगळी बघा. आणि लोकांचे नंबर प्रोजेक्टच्या फाइलींमध्ये अजिबात ठेवू नका.

हरवलेल्या पासवर्डसारखी ही चावी सहज बदलता येत नाही. म्हणून भावाने पॅकेजचं नाव बदलून, नव्या कीस्टोअरने ॲप पुन्हा बनवलं. जुनं प्रत्येकाच्या फोनमधून काढावं लागलं, आणि ते काढलं की फोनमधल्या नोंदीही पुसल्या जातात. म्हणून आधी वहीत उतरवून घ्यायचं, मग काढायचं, असं घरोघरी चाललंय. वाड्यांवरचे काही फोन अजून राहिलेत.