एक तास ए३२० सिम्युलेटरमध्ये, वाऱ्यासकट

बायकोने वाढदिवसाला ए३२० (एअरबसचं प्रवासी विमान) सिम्युलेटरचा एक तास गिफ्ट दिला, सेंटर पुण्यातलंच, नाव नाही सांगत कारण पुढे थोडी कुरकुर आहे. पहिली पंधरा मिनिटं बोअर, कारण हे लोक वारा शून्य ठेवूनच लँडिंग करायला देतात, पब्लिक खूश, फोटो, टाळ्या. मी म्हटलं मुंबईचा २७ नंबरचा रनवे (म्हणजे तोंड २७० अंशांकडे) द्या आणि पावसाळी वारा लावा, २४० अंशांवरून २५ नॉट (ताशी सागरी मैल), म्हणजे समोरून पण थोडा डावीकडून. शिकवणारा मुलगा एकदम खुलला.

त्याने तो वारा एमसीडीयूमध्ये (विमानाच्या कॉम्प्युटरचा कीपॅड-स्क्रीन) टाकायला लावला. समोरून येणारा भाग साधारण २२ नॉट, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे ७, तो व्हीएलएसमध्ये (म्हणजे याच्या खाली जायचं नाही असा स्पीड) मिळवायचा, आमचा १३१ होता म्हणून अप्रोचचा (उतरायला येतानाचा) स्पीड १३८. इथवर ठीक. पण उतरताना मध्येच स्पीडच्या पट्टीवरचा गुलाबी त्रिकोण (किती स्पीड ठेवायचा ते दाखवणारा) आपोआप १४६ वर गेला, माझी जाम टरकली, म्हटलं काय बिघडलं का. काही नाही, समोरचा वारा ३० झाला होता. १३८ वजा २२ म्हणजे ११६, ग्राउंड स्पीड (जमिनीवरून मोजलेला) याच्या खाली विमान जाऊ देत नाही, वारा वाढला की हवेतला स्पीड वाढवून घेतं, कारण तोच वारा एकदम पडला तर हातात काहीतरी शिल्लक पाहिजे ना. ग्राउंड स्पीड मिनी म्हणतात याला, दहा वेळा वाचलेलं, डोक्यात शिरलं ते त्या खुर्चीत बसल्यावर. आणि या सगळ्यात थ्रस्ट लिव्हर (इंजिनाची ताकद कमीजास्त करायचे दांडे) जागचे हलत नाहीत, इंजिनाचा आवाज तेवढा वरखाली होतो!

आडवा वारा डावीकडून साडेबारा नॉट, त्यामुळे नाक डावीकडे तिरकं ठेवूनच यायचं आणि शेवटच्या ३० फुटांत उजवा रडर (पायातल्या पेडलने वळणारा शेपटीचा पंखा) देऊन सरळ करायचं. पहिल्यांदा उशीर केला, 'रिटार्ड रिटार्ड' (लिव्हर मागे ओढा, असं विमानच ओरडतं) ऐकतच तिरका आपटलो. तिसऱ्या वेळी जमलं.

कुरकुर म्हणजे रडरचे पेडल ढिले, आणि केबिन हलत नाही म्हणून वाऱ्याचा झोत अंगाला कळतच नाही, फक्त आकड्यांत दिसतो. साडेआठ हजारांत पेडल तरी नीट हवे होते. अर्ध्या तासाचं पॅकेज घेऊ नका, बेल्ट लावण्यातच संपतं. आणि वारा मागून घ्या, म्हणजे सांगून हो, शेपटीकडून नव्हे, तसा १० नॉटच्या वर द्यायला तो मुलगा तयारच झाला नाही.