ईएनसी२८जे६० की डब्ल्यू५५००? रजिस्टर सेट करणाऱ्याच्या नजरेतून

मायक्रोकंट्रोलरला एसपीआयवर (थोड्या तारांची सिरीयल जोडणी) इथरनेट जोडायचं म्हटलं की ईएनसी२८जे६० आणि डब्ल्यू५५०० या दोन चिप समोर येतातच. मी दोन्हींचे ड्रायव्हर लिहिलेत. स्पीड, पिना वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात जात नाही.

माझ्यासाठी निकाल लागला तो बँकेवर. ईएनसीमध्ये कंट्रोल रजिस्टर (चिपच्या सेटिंगचे छोटे कप्पे) ४ बँकांत, म्हणजे गटांत, वाटलेत; पत्ते प्रत्येक बँकेत तेच, आणि आत्ता कुठली बँक चालू आहे हे ईकॉन१ या रजिस्टरमधले २ बिट ठरवतात. त्यामुळे पत्ता ० म्हणजे नक्की काय हे नुसतं कोड वाचून कळतच नाही, पहिल्या बँकेत तो रीड पॉइंटर, दुसरीत हॅश टेबल, तिसरीत मॅककॉन१ हे कंट्रोल रजिस्टर आणि चौथीत चक्क मॅक अॅड्रेसचा एक बाइट. चुकीच्या बँकेत लिहिलं तरी चिप काही बोलत नाही, लिहून मोकळी होते, आणि लक्षण दिसतं भलतीकडेच. शेवटची ५ रजिस्टरं सगळ्या बँकांत सारखी आहेत हे बरं, नाहीतर बँक बदलणंही अवघड झालं असतं. मग आपण चालू बँक एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो, पण चिप रिसेट झाली की तिकडे बँक ० (म्हणजे पहिली) होते, म्हणजे व्हेरिएबलही तेव्हाच शून्य करायला पाहिजे, शिवाय आरटीओएसवर (एकाच वेळी अनेक टास्क चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) दोन टास्क असतील तर बँक निवडणं आणि रजिस्टर लिहिणं एकाच लॉकमध्ये हवं. इंटरप्टमधून एसपीआयला हात लावायचाच नाही असा एक नियम पाळतात, तो चांगलाच आहे, पण दोन टास्कचा हा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्यात ईएनसीची मॅक (फ्रेम पाठवणारा-घेणारा भाग) आणि एमआयआय (मॅक आणि फायमधला दुवा) रजिस्टर वाचताना आधी एक फालतू बाइट येतो, बिट सेट-क्लिअरच्या कमांड त्यांच्यावर चालत नाहीत, आणि फायचं (केबलवरचे सिग्नल सांभाळणारा भाग) रजिस्टर वाचायचं तर एमआयआयमधून मागणी करून १०.२४ मायक्रोसेकंद थांबायचं. ऑटो-निगोशिएशनही (दोन्ही टोकांनी स्पीड-डुप्लेक्स आपोआप ठरवणं) नाही, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) हवं तर मॅककॉन३ आणि पीएचकॉन१ दोन्हीकडे जुळवून सेट करायचं आणि स्विचच्या बाजूलाही हाताने.

डब्ल्यू५५०० मध्ये प्रत्येक एसपीआय फ्रेममध्येच १६ बिटांचा पत्ता आणि त्यामागे कंट्रोल बाइट जातो, कुठला ब्लॉक ते त्यातच लिहिलेलं. आधी काय घडलं होतं ते लक्षात ठेवायची गरजच नाही. एका बाइटसाठी ३ बाइटचं हेडर, हे जास्त वाटतं खरं, पण सलग रजिस्टरं एकाच फ्रेममध्ये लिहिता येतात, म्हणजे गेटवे, सबनेट, मॅक, आयपी सगळं एका दमात. लॉजिक अॅनालायझरवर नुसती फ्रेम बघून काय लिहिलं ते कळतं, मला हे फार मोलाचं वाटतं.

कटकट इथेही आहे. आलेला डेटा किती हे सांगणारं रजिस्टर १६ बिटांचं, वाचता वाचता बदलू शकतं, म्हणून दोनदा सारखी किंमत येईपर्यंत वाचायचं. पण ते एका फंक्शनमध्ये बंद होतं, बँकेसारखं सगळ्या ड्रायव्हरभर पसरत नाही.

स्वतःचा स्टॅक (टीसीपी/आयपीचं सॉफ्टवेअर) चालवायचा असेल, इथरनेट आतून शिकायचं असेल तर ईएनसी घ्या, वाईट नाही, शिकायला भरपूर मिळतं. अर्थात सॉकेट ० मॅकरॉ मोडमध्ये (चिपचा स्वतःचा टीसीपी/आयपी बाजूला ठेवून कच्च्या इथरनेट फ्रेम देणारा मोड) टाकून डब्ल्यू५५०० वरही एलडब्ल्यूआयपी हा स्टॅक चालतो. आणि डब्ल्यू५५०० घेतलीत तर सगळ्यात आधी तिचं व्हर्जन रजिस्टर वाचा, ४ आलं पाहिजे. दुसरं काहीही आलं तर बाकीच्या रजिस्टरांना हात न लावता आधी वायरिंग आणि एसपीआय मोड तपासा.