पोरांसाठी साहसकथा लिहायचीय: गडावरची, रानातली की शोधाची?

गेल्या दिवाळीत वडगावच्या एका गल्लीत मातीचा किल्ला बघायला थांबलो. बेळगावात दिवाळीला किल्ल्यांची केवढी धांदल असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकला की पोरं थेट चिखलात उतरतात. दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा मला किल्ला दाखवत होता. इतिहास त्यानं दोन वाक्यांत उरकला. मग हाताला धरून मागच्या बाजूला नेलं आणि पाईपचा तुकडा पुरून केलेली चोरवाट दाखवली. “ते पुढनं आले की आम्ही हितनं खाली उतरतो आणि त्यांच्या मागनं जातो.” तो ‘मावळे’ म्हणाला नाही, ‘आम्ही’ म्हणाला.

मुलग्यांना धरून ठेवेल असं साहसाचं पुस्तक लिहायचं मनात आहे, पण गडावरची ऐतिहासिक गोष्ट घ्यावी, रानातली घ्यावी, की आजच्या पोरांच्या टोळीनं लावलेल्या शोधाची, इथं ज्यांचं घोडं अडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. तिन्ही वाटांनी मी गेलो आहे. रानातली आणि शोधाची गोष्ट पुरी झाली, इतिहासाची अर्ध्यात सोडली. तिन्ही गोष्टी खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या शाळांत पाचवी-सहावीच्या पोरांना वाचून दाखवल्या. त्या अनुभवावरून मी एकच माप लावायला शिकलो: गोष्टीत निर्णय कोण घेतं? पोरगा घेत असेल तर वर्ग गप्प बसून ऐकतो. मोठं माणूस घेत असेल तर मागच्या बाकावर पेनाची टोपणं उडायला लागतात.

गडावरची गोष्ट

ही वाट सगळ्यांना आधी दिसते, आणि का दिसू नये? येळ्ळूरचा राजहंसगड बेळगावातून दिसतो. खानापूरच्या रानात भीमगड आहे, संकेश्वरजवळ वल्लभगड, आणि हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात गेलं की पारगड, कलानिधीगड, महिपालगड. पुस्तक विकत घेणारे आईवडील ‘शिवकाल’ हा शब्द बघून हात पुढे करतात. शाळेच्या बक्षीस समारंभाला हीच पुस्तकं गठ्ठ्यानं जातात. खपाचा विचार केला तर या वाटेला तोड नाही.

माझी गोष्ट चौथ्या प्रकरणात मेली. भीमगडाच्या पायथ्याचा एक पोरगा महत्त्वाचा खलिता घेऊन निघतो, अशी ती होती. रान, पाठलाग, नदी, सगळं होतं. पण खलित्यात काय लिहायचं ते वरिष्ठांनी ठरवलेलं, कुठं पोचवायचा तेही त्यांनीच. माझा नायक नुसता पळत होता. निरोप्या झाला होता. वर आणखी एक अडचण. महाराजांचा निर्णय बरोबरच ठरणार हे पोरांना पहिल्या पानापासून ठाऊक असतं, आणि तसं ते असावंही. त्यांच्या तोंडी चुकीचा बेत घालायला माझा हात धजावणार नाही. मग धाकधूक उरते कुठं?

गृहपाठही जबर लागतो. पहिल्या खर्ड्यात माझा पोरगा पहाटे चहा पिऊन निघाला होता आणि गुहेत त्यानं काडी ओढून दिवा लावला होता. सतराव्या शतकात आपल्याकडच्या खेड्यात ना चहा, ना काडेपेटी. चकमक आणि कापूस घेऊन ओल्या हवेत विस्तव पाडायला किती वेळ लागतो हे मी स्वतः करून बघितलं, तेव्हा कुठं ते पान खरं झालं.

तरीही इतिहासच लिहायचा असेल तर माझं म्हणणं असं, की ज्या घटनेत मोठा पुरुष प्रत्यक्ष पानावर यायची गरज नाही अशी घटना निवडा, आणि ती शक्यतो जवळची निवडा. आपल्या भागात अशा दोन आहेत ज्यांकडे मराठी बालसाहित्यानं वळून पाहिलं तर मला फार आनंद होईल.

एक म्हणजे संगोळ्ळी रायण्णाचं बंड. 1824 मध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी इंग्रजांशी लढा दिला. त्यानंतर रायण्णानं रानाच्या आश्रयानं गनिमी लढाई चालू ठेवली, आणि 26 जानेवारी 1831 ला त्याला नंदगडला फाशी दिलं. नंदगड खानापूर तालुक्यात. आजही तिथल्या बाजाराला मराठी पोरं जातात, पण ही गोष्ट त्यांना फक्त कानडीच्या धड्यातून भेटते. रायण्णाची टोळी ज्या रानातून ये-जा करायची त्या रानात गुरं राखणारा पोरगा घ्या. त्यानं काहीतरी पाहिलंय. शिपाई विचारायला आलेत. सांगायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचंय.

दुसरी गोष्ट गोवामुक्तीची. 25 नोव्हेंबर 1955 ला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून एक गुप्त रेडिओ केंद्र सुरू केलं. पुढं ते कॅसलरॉकच्या जंगलात हललं आणि डिसेंबर 1961 मध्ये गोवा मोकळा होईपर्यंत चालू राहिलं. कॅसलरॉक म्हणजे लोंड्याच्या पुढचं, घाट उतरण्याआधीचं स्टेशन. तेव्हा त्याच्या पलीकडे परकी सत्ता होती. आता कल्पना करा, रेल्वेच्या गँगमनचा बारा वर्षांचा मुलगा, पावसाळी रात्र, आणि झाडीतून येणारा आवाज. हा काळ अजून माणसांच्या आठवणीत आहे. लोंडा-खानापूर भागातल्या म्हाताऱ्यांना जाऊन विचारता येतं, त्या वेळी तिकीट कसं असायचं, कंदील कुठला असायचा. मला पुन्हा इतिहास लिहायला बसायचं झालं तर मी इथूनच सुरू करीन.

रानातली गोष्ट

मनापासून सांगतो, तिघांत माझा जीव या वाटेवर आहे.

खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तिथून फार लांब नाही तोच म्हादईचं पाणी उलट्या दिशेनं गोव्याकडे उतरतं. दोन नद्या शेजारी शेजारी जन्मून एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला जाते, एवढ्यावरच वाट चुकलेल्या पोराची अख्खी गोष्ट उभी राहते: हा ओढा धरला तर घरी, तो धरला तर घाटाखाली. कुठला धरायचा हे त्यानं ठरवायचं, आणि चुकला तर त्याची किंमत पुढच्या तीन प्रकरणांत मोजायची.

भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. गवे, अस्वलं, बिबटे आहेत. हत्ती खानापूरकडून चंदगडात शिरतात हे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना चांगलंच माहीत आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. 2000 च्या सुमारापर्यंत जगात हे वटवाघूळ फक्त या एका जागी असल्याचं ठाऊक होतं. वर्गात हे सांगितलं की पोरांचे डोळे बघण्यासारखे होतात. जगात फार थोड्या जागी आहे असं काही आपल्या तालुक्यात आहे, ही गोष्ट त्यांना कुणी सांगितलेलीच नसते.

मुलग्यांना साहसाच्या पुस्तकात एक गोष्ट हमखास हवी असते, ती म्हणजे ‘कसं करायचं’. जळू लागली तर ओढायची नाही, मीठ किंवा चुन्याचं बोट लावायचं. साकवावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, कारण गुडघाभर पाणीही माणसाला ओढून नेतं. ओली लाकडं पेटत नाहीत, तर आतला गाभा कसा काढायचा. अशा जागी वर्ग पुढं सरकून बसतो. वर्णनाची चार पानं जे करत नाहीत ते हातानं करायच्या कामाची चार वाक्यं करतात.

आजच्या काळातल्या साहसकथेचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मोबाईल. संकट आलं की पोरगा बापाला फोन लावतो आणि गोष्ट संपते. रानात तो प्रश्नच उरत नाही. पावसाळ्यात त्या बाजूच्या कितीतरी वाड्यांवर रेंज सोडा, वीजही दिवसेंदिवस नसते, आणि नाला भरला की रस्ता बंद. आईवडिलांना गोष्टीतून बाजूला करायला खोटी कारणं शोधावी लागत नाहीत. पाऊसच ते काम करतो, आणि तो कुणाचं ऐकत नाही.

पण न चालता लिहाल तर पकडले जाल. मी गवा थेट अंगावर घातला होता. खानापूरकडच्या एका शाळेत वाचताना तिसऱ्या बाकावरचा पोरगा म्हणाला, “सर, गवा असा येत नाही. आधी फुसकारतो, मग आपण थांबायचं.” त्याच्या वडिलांचं शेत रानाला लागून. मी तिथल्या तिथं पेन्सिलीनं दुरुस्ती केली. आणि वाघ? एका पुस्तकात एकदाच, तोही शक्यतो नुसता पाऊल उमटवून जाणारा. प्रत्येक प्रकरणात वाघ आला की पोरं हसतात.

आणखी एक काळजी घ्या. गुहेचं खरं नाव आणि खरी वाट गोष्टीत लिहू नका. पोरं शोधत जातील, जावीत अशीच गोष्ट आपण लिहितोय, पण वटवाघळांनाही त्रास आणि पोरांनाही धोका. नाव बदला, दोन डोंगर इकडचे तिकडे करा.

शोधाची गोष्ट

सुरू करायला ही सोपी, शेवटाला न्यायला अवघड. चार पोरांची टोळी, एक चोरीला गेलेली वस्तू, सुट्टीचे पंधरा दिवस. निपाणीची तंबाखूची गोदामं, गोकाकच्या धबधब्यावरचा झुलता पूल, ऊसतोडीच्या हंगामात रात्रभर कारखान्याकडे चाललेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बेळगावचं रेल्वे गेट पडल्यावर दहा मिनिटं खोळंबलेली गर्दी. शोधाला लागणारं सगळं आहे. अडतं ते खलनायकापाशी. तस्कर, मूर्तिचोर, काळा गॉगल. ही माणसं पोरांनी टीव्हीवर शंभरदा पाहिलीत. आणि शेवटी पोलीस येऊन सगळं ताब्यात घेतात, म्हणजे निर्णय पुन्हा मोठ्यांच्या हातात.

तरी या वाटेवर आपल्या भागाकडे असं काही आहे जे पुण्या-मुंबईच्या लेखकाकडे नाही. आपल्या पोरांना दोन भाषा येतात. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून जे काही झालं ते मोठ्यांना माहीत आहे, आणि त्याचा सल माझ्याही घरात आहे. पण गल्लीत क्रिकेट खेळताना पोरं दोन्ही भाषांत भांडतात आणि दोन्हींत समेट करतात. अर्धी खूण मराठीत, अर्धी कानडीत अशी चिठ्ठी टोळीला सापडू द्या. मोडी लिपी वाचणारा एक आजोबा आणि हळे कन्नड, म्हणजे जुनी कानडी वाचणारे एक गुरुजी, दोघांकडे जावं लागू द्या. टोळीत कानडी पोरगा असलाच पाहिजे, आणि तो खलनायकाचा पोरगा नको. ज्याच्याशिवाय कुलूप उघडत नाही असा हवा. अंधाऱ्या गोदामात पोरं दबा धरून बसलीत आणि बाहेरून कानडीत एकच शब्द येतो, “यारू?” म्हणजे “कोण?” कोल्हापुरातल्या वाचकालाही त्याचा अर्थ कळायला वेळ लागत नाही, आणि आपल्याकडच्या पोराच्या तर अंगावर काटाच येतो.

भाषेचं

निवेदन साध्या प्रमाण मराठीत ठेवा, संवाद मात्र आपल्या बोलीत. “काय करालास गा?”, “चल की रे”, “हितं बस”. माझ्या एका पुस्तकात पुण्यातल्या संपादकांनी सगळी ‘हितं’ काढून ‘इथे’ केली. छापून आल्यावर इथल्या पोरांनी विचारलं, “सर, ही पोरं कुठली?” दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी करारापूर्वीच हे बोलून घेतलं. टोळीत मुलगी असेल तर आणखी जपा. आपल्याकडे मुलीही “मी येतो” म्हणतात. मुद्रितशोधक ते चूक समजून ‘येते’ करतो आणि पोरगी परकी होते. मुलगी असल्यानं मुलगे पुस्तक सोडतात ही समजूत मला खरी वाटत नाही. माझ्या गोष्टीत झाडावर चढून दोर बांधणारी मुलगीच आहे, आणि वर्गातल्या पोरांनी तिच्याच जागा पुन्हा वाचायला लावल्या. मुलगे सोडून जातात ते उपदेशाला.

आकार फार ताणू नका. पुस्तक 16 पानांच्या फॉर्मात छापलं जातं, त्यामुळे 80 किंवा 96 पानं हिशेबात बसतात. मोठा टाइप आणि चित्रं धरून बारा ते पंधरा हजार शब्द पुरे. एक प्रकरण एका तासिकेत वाचून संपावं. आधी मासिकाकडे गोष्ट पाठवायची असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून चालू आहे. आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी इथल्या साहित्य संमेलनांत पुस्तकांच्या टेबलाशी उभं राहून पाहा, पोरं कुठलं पुस्तक उचलतात आणि कुठल्या पानावर परत ठेवतात.

मग कुणी काय घ्यावं? शेताभातात, रानाकडेला वाढलेल्यानं रान सोडून दुसरीकडे बघू नये. पहिलं पुस्तक तेच. शहरात वाढलेल्यानं, शाळेत शिकवणाऱ्यानं शोधाची गोष्ट घ्यावी, पण खलनायक आधी ठरवावा आणि तो ओळखीच्या माणसासारखा असावा: ऊस वजन करताना काटा मारणारा, विहिरीचा हक्क लाटणारा. शेवटचा पेच पोरांनी सोडवून झाल्यावरच पोलिसांची जीप गल्लीत वळू द्यावी. इतिहास दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकाला घ्यावा. मात्र घरात गोवामुक्तीच्या काळाचं आठवणारं कुणी म्हातारं माणूस असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आज संध्याकाळीच वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. रान थांबेल, ती माणसं थांबणार नाहीत.

रानाचं ठरलं तर पावसाआधी एकदा आणि पाऊस लागल्यावर एकदा, असं दोनदा जाऊन या. अभयारण्याच्या हद्दीत शिरायला वनखात्याची परवानगी लागते. अर्ज लवकर टाका, आणि सोबत वाडीवरचा माणूस घ्या.