नाटकासाठी भाड्याची एलईडी वॉल : आकाश झकास, झाडं फसली (३/५)

आमच्या हौशी ग्रुपच्या नाटकाला यावेळी रंगवलेल्या पडद्याऐवजी मागे एलईडी वॉल लावली, म्हणजे दिव्यांच्या बारीक ठिपक्यांची भिंतभर स्क्रीन, पॅनल, ऑपरेटर आणि रेडीमेड सीनरीची लायब्ररी असं सगळं पॅकेजमध्येच येतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती आणि माझी बरीचशी तक्रार वॉल या प्रकाराबद्दलच आहे. नेपथ्य माझ्याकडे होतं त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी चांगलं सांगते. आकाश! पहाट होतानाचं, क्षितिजाला फिकट आणि वर गडद होत जाणारं, ढगांच्या कडा हळूहळू पेटत जाणारं आकाश इतकं सुंदर दिसलं की रंगीत तालमीला विंगेतली मंडळीसुद्धा वाकून वाकून बघत होती. पिच ३.९ चं होतं, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये ३.९ मिमी अंतर, साधारण चार मीटरपेक्षा लांब बसलं की ठिपके जाणवत नाहीत. पहिल्या रांगेचाही प्रश्न मिटला.

घोळ झाला जंगलाच्या प्रवेशात. लायब्ररीतलं जंगल एचडी वगैरे, पान न् पान दिसतंय, आणि तरी सगळं खोटं! का खोटं वाटतंय ते कळायला वेळ लागला. खऱ्या जंगलात जो उजेड झाडावर पडतो तोच माणसावर पडतो ना, म्हणून माणूस तिथलाच वाटतो. इथे आमच्या लाईटवाल्याने डावीकडून संध्याकाळचा अंबर टाकलेला, नट बिचारा केशरी झालेला, आणि मागची झाडं भर दुपारची हिरवीगार, स्वतःच्याच उजेडात चमकतायत. वॉलवर कितीही लाईट मारा, चित्राचा रंग बदलत नाही, उलट काळा भाग राखाडी होतो. साधा कापडी पडदा निदान आपला लाईट अंगावर घेतो, निळा टाकला की त्याचीही रात्र होते. आकाश जमलं त्याचंही कारण हेच, आकाशातून उजेड आपल्याकडे येतो आणि वॉलही तेच करते. झाड, डोंगर, भिंत या उजेड झेलणाऱ्या गोष्टी, तिथे ती उघडी पडते.

तसं हे रडगाणं जुनंच आहे म्हणा. स्विस नेपथ्यकार अडॉल्फ आपिया (१८६२-१९२८) रंगवलेल्या पडद्यांवरच वैतागला होता, चपट्या कापडावर रंगवलेल्या सावल्या आणि पुढे हाडामांसाचा नट, यांचं जमणार कसं? त्याचं म्हणणं, पायऱ्या, चौथरे असं खरंखुरं काहीतरी उभारा आणि प्रकाशाने सगळं एकत्र बांधा. शंभर वर्षांनी आपण पुन्हा चपट्या चित्रापाशीच, फक्त आता त्याला प्लग आहे.

पर्स्पेक्टिव्हचंही, म्हणजे चित्रातल्या जवळ-लांबच्या भासाचंही, तेच. इटलीत विचेन्झाच्या तेआत्रो ऑलिंपिकोमध्ये १५८५ पासूनचे मागे निमुळते होत जाणारे लाकडी रस्ते आहेत, समोरून बघितलं तर लांबलचक वाटतात पण नट आत चालत गेला तर राक्षस दिसेल. आमचा नायक वॉलला चिकटून उभा राहिला आणि मागच्या पायवाटेवरच्या झाडांपेक्षा उंच झाला, कडेच्या खुर्च्यांवरून तर अख्खी पायवाट तिरकी!

आणि हलती सीनरी ही वेगळीच डोकेदुखी. नदीकाठच्या व्हिडिओत एक पक्षी उडत जातो, क्लिप लूपवर, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने तोच पक्षी पुन्हा हजर. खऱ्या नदीवर पक्षी उडाला तर उडाला, त्याचा कुणाशी काही संबंध नसतो. स्टेजवर मात्र हललेली प्रत्येक गोष्ट कुणीतरी मुद्दाम हलवलेली असते असंच प्रेक्षक धरून चालतो, ढग दाटले की त्याला वाटतं आता काहीतरी वाईट होणार, सूर्य बुडाला की कुणीतरी जाणार. आमच्या पक्ष्याकडे लोक इतक्या आशेने बघत होते की नायिकेचं स्वगत वाया गेलं, नंतर एका काकांनी तो पक्षी म्हणजे तिचा गेलेला भाऊ ना असं विचारलं, मी हो म्हटलं, काय करणार. जपानी नोह रंगभूमीवर कुठलंही नाटक असो मागे तेच एक रंगवलेलं पाइनचं झाड असतं, संस्कृत नाटकात तर नट स्टेजवर एक फेरी मारतो आणि वनातून राजवाड्यात पोचतो. त्यांचं काही अडलं नाही.

शेवटी असं केलं, वॉलवर फक्त आकाश, तेही बहुतेक वेळ स्थिर. झाडं प्लायची कापून पुढे उभी केली, आणि वॉलसमोर थोडं अंतर सोडून जाळीचा पडदा. जाळीने चमक मरते, चित्र मऊ होतं आणि मोबाईलच्या फोटोत येणारे ते लहरी पट्टेही कमी झाले. नुसता ब्राइटनेस उतरवू नका, फार खाली नेला की आकाशातल्या छटांच्या पायऱ्या दिसायला लागतात.

सर्व्हिस ठीकठाक. ऑपरेटर वेळेवर, क्यू नीट घेतले. पण पॅनलच्या पंख्यांची घूं घूं शांत प्रवेशात ऐकू येते, आणि ऐन ग्रँड रिहर्सलला त्याच्या लॅपटॉपचं बॅटरी लो डोंगराच्या डोक्यावर उगवलं, ते मात्र अक्षम्य.

तीन स्टार, त्यातले अडीच आकाशाचे. घेणार असाल तर डेमो अंधाऱ्या गोडाऊनमध्ये बघू नका, तिथे सगळंच भारी दिसतं. वॉलपुढे एक माणूस उभा करा, त्याच्यावर तुमचा स्पॉट टाका आणि मग ठरवा.